मला डायआर्थ्रोसिस आहे

गेल्या महिन्यात घरी सत्यनारायण होता आणि पूजेला मी बसलेलो, म्हणजे पाटावर मांडी घालून चांगला दीड तास. पाचवा अध्याय संपला, आरतीला उठायचं म्हणून एक हात जमिनीवर आणि एक बायकोच्या खांद्यावर टेकून उठलो तर उजव्या गुडघ्यातून असा कट्ट आवाज आला की गुरुजींनी आधी नारळाकडे बघितलं.

भाची फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे, अ‍ॅनाटॉमीचा पेपर तोंडावर आलाय, त्यामुळे तिला सध्या माणसं दिसत नाहीत, नुसते सांधे दिसतात. प्रसादाचा द्रोण हातात घेऊन म्हणाली, "मामा, तो डायआर्थ्रोसिस आहे." आणि शिऱ्यातला काजू शोधायला लागली.

आता मला सांगा, 'ओसिस'वर संपणारा शब्द कधी चांगली बातमी घेऊन आलाय का? ट्युबरक्युलोसिस, थ्रोम्बोसिस, सिरोसिस, सगळी मंडळी बघा. त्यात पुढे 'डाय', मधे आर्थ्रायटिसचा सख्खा भाऊ. मला तर घामच फुटला. आईने पहिलं अक्षर तेवढं ऐकलं आणि हातातला शिऱ्याचा द्रोण काढून घेतला, कारण 'डाय' म्हणजे तिच्या मते डायबेटिस.

संध्याकाळपर्यंत बातमी तिन्ही मजल्यांवर. कोणी महानारायण तेल सुचवलं, कोणी लसूण घालून तापवलेलं मोहरीचं, एका काकांनी तर गुडघा बदलायचा खर्च पण सांगून टाकला, मी काही विचारलं नव्हतं.

रात्री भाचीला फोन केला. ती आधी पाच मिनिटं हसली. मग म्हणाली, "अरे मामा, आजार नाहीये तो! मोकळेपणी हलणाऱ्या सांध्याला म्हणतात तसं. तुला आहे, मला आहे, आजीला आहे." म्हटलं आजीला सांगू नकोस.

तर प्रकार असा, की ग्रीकमध्ये आर्थ्रॉन म्हणजे सांधा. कवटीच्या हाडांसारखे शिवून टाकल्यागत घट्ट, ते सिनार्थ्रोसिस (इथे बायकोने माझ्या डोक्यावरून जो जोक मारायचा तो मारला, तो मी लिहीत नाही). मणक्यांच्या मधल्या चकत्यांसारखे जेमतेम हलणारे, ते अ‍ॅम्फिआर्थ्रोसिस. आणि खांदा, कोपर, गुडघा, बोटं हे सगळे आपले डायआर्थ्रोसिस. पोराच्या सहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात हेच किती सरळ लिहिलंय, चल सांधे आणि अचल सांधे. कोपराला बिजागरीचा सांधा, खांद्याला उखळीचा. बिजागरी म्हटल्यावर कोणाचं बीपी वाढतं का? अंगठ्याच्या मुळाशी तर खोगीराच्या आकाराचा सांधा असतो म्हणे. दिवसभर मोबाईल सरकवून सरकवून माझ्या अंगात तेवढा एकच सांधा फिट राहिलाय.

आतलं मात्र भारी आहे. हाडांच्या टोकांना कूर्चेचा गुळगुळीत थर, भोवती पिशवी आणि त्या पिशवीत अगदी थोडंसं चिकट वंगण, सायनोव्हियल द्रव. हे नाव सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याने दिलं असं मानतात, आणि त्यातलं 'ओव्ह' म्हणजे अंडं, कारण ते दिसतं अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं. हे मी आईसमोर बोलायला नको होतं. आई माळकरी. "माझ्या गुडघ्यात अंडं?" म्हणून ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आवाजाचं पण विचारलं. बोटं मोडताना जो येतो तो त्या द्रवातल्या वायूच्या बुडबुड्याचा, आणि डोनाल्ड अंगर नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने, बोटं मोडून आर्थ्रायटिस होतो का ते बघायला, साठेक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. त्याला 2009 मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. माणसाकडे वेळ किती असू शकतो बघा. माझ्या गुडघ्याबद्दल भाचीने एवढंच विचारलं, "दुखतो? सुजलाय?" नाही म्हटल्यावर, "मग चालायला जा, खुर्चीतून ऊठ जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या काकू दारात. हातात स्टीलचा डबा, त्यात साजूक तुपातले डिंकाचे लाडू, वर खारीक-खोबरं दिसतंय. "भाऊजी, तुमच्या त्या डायरथोसिसला चांगले." मी काय चल-अचल समजावणार होतो, तोंड उघडलं पण होतं.

लाडू संपले की सांगतो त्यांना. अजून अकरा आहेत.