तेहतीस म्हणजे तेहतीस!

गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाचा, पीएसआयमधला, एक साधा दोन अंकी आकडा. त्यासाठी माणसाने किती जणांशी हुज्जत घालायची?

काल साताऱ्याला निघालो. गाडीत पाच जण, डिकी गच्च. म्हटलं, हायवेला लागण्याआधी हवा बघून घेऊ. पंपावरचा पोरगा एका कानात इयरफोन घालून, पाइप ओढत आला आणि मी काच खाली करायच्या आत व्हॉल्व्हला नळी लावून मोकळा. "पस्तीस मारतो काका." पस्तीस का रे बाबा? "सगळ्यांना पस्तीसच मारतो." सगळ्यांना! माझ्या पुढे अल्टो होती, मागे फॉर्च्युनर. घ्या सरसकट पस्तीस, प्रसाद वाटल्यासारखे.

मी म्हटलं, तेहतीस. तर त्याने असं बघितलं की जणू मी त्याची किडनी मागितली.

अरे, हे तेहतीस मला काही दृष्टांतात नाही दिसले. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या चौकटीच्या खांबावर स्टिकर आहे. माणसं किती, पुढच्या टायरला किती, मागच्याला किती, सगळं छापलंय. पण तिथे वाकून बघायला कुणाची कंबर चालत नाही, सल्ले द्यायला मात्र जीभ सगळ्यांची चालते. आमचे मेव्हणे मागच्या सीटवरून म्हणतात, "टायरवरच लिहिलंय की, मॅक्स ५१!" भाऊजी, ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या मेहुण्याच्या गाडीचा आकडा नाही. ५१ भरली तर टायर मधोमध झिजेल आणि प्रत्येक खड्डा थेट मणक्यात जाईल.

आणि तो कोपऱ्यावरचा पंक्चरवाला! "उन्हाळ्यात चार कमी ठेवा, नाहीतर फुटतो." अहो, उलटं आहे! हवा कमी असली की टायरची बाजू जास्त दबते, प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्यानेच तापते, आणि फुटतो तो हाच. वर नायट्रोजनचा आग्रह. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तो पैसे देऊन कशाला आणायचा?

बरं, स्टिकरवरचा आकडा गार टायरचा. पंप घरापासून सहा किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत टायर तापून काटा दोन-तीनने वर. म्हणजे मशीनने तेहतीस दाखवले तरी ते खरे तेहतीस नाहीतच. हे त्या पोराला सांगायला गेलो, तर तो दुसरा इयरफोन कानात घालायला लागला.

तरी गप्प बसलो. मशीन टूं करून वाजलं, तेहतीस म्हणालं, निघालो. आज सकाळी साताऱ्यात, रात्रभर गार झालेल्या टायरना माझा स्वतःचा गेज लावला. पुढे २९ आणि ३१. मागे ३६ आणि २८. एकाच मशीनने, एकाच पोराने, पाच मिनिटांत भरलेली हवा! त्या डिस्प्लेची काच फुटलेली होती, चिकटपट्टी लावलेली होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

स्टेपनी तर कुणी विचारतही नाही. सगळ्या बॅगा उपसून ती काढली. १४.

आणि व्हॉल्व्हची टोपणं मोजली. तीन. चौथं त्याच्या खिशात.