इनामाचा हिशेब: डार्ट्सची यादी आणि जत्रेतला फड

जानेवारी २०२६ मध्ये ल्यूक लिटलर या इंग्लंडच्या खेळाडूने डार्ट्सचे जागतिक अजिंक्यपद सलग दुसऱ्यांदा जिंकले आणि दहा लाख पौंडांचे, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे बारा कोटी रुपयांचे इनाम उचलले. त्या आठवड्यात निलंगा-लातूरकडच्या आमच्या आप्तांच्या आणि जुन्या वर्गमित्रांच्या गटांमध्ये या बातमीवरून बरीच खडाजंगी झाली. एका बाजूचे म्हणणे असे होते की, तिकडे अठरा वर्षांचे पोर भिंतीवरच्या फळीवर बाण फेकून कोट्यधीश होते आणि आपण मात्र ‘लातूर पॅटर्न’च्या नावाखाली पोरांना दोन-दोन वर्षे खोलीत कोंडून नीटचे पेपर सोडवायला लावतो. दुसऱ्या बाजूला हा खेळच मान्य नव्हता: गुत्त्यातल्या करमणुकीला खेळ कसे म्हणायचे, त्याला दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत काय, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात तो बसतो काय, असा त्यांचा सवाल होता. मी स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरात राहतो. डार्ट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा खेळाडू फिल टेलर याच शहरातला असल्यामुळे या खेळाविषयी काही न कळता येथे राहणे अवघडच आहे, आणि म्हणूनच मला वाटते की दोन्ही बाजूंनी ज्याकडे पाहायला हवे होते ते सोडून भलतेच पाहिले.

लिटलरकडे पाहून या धंद्याविषयी काही ठरवणे म्हणजे तेंडुलकरकडे पाहून क्रिकेट हा पोटापाण्याचा मार्ग आहे असे ठरवणे होय. व्यावसायिक डार्ट्स कळून घ्यायचे तर यादीतल्या साठाव्या-सत्तराव्या माणसाकडे पाहिले पाहिजे. ही यादी म्हणजे ‘ऑर्डर ऑफ मेरिट’. मागच्या दोन वर्षांत मुख्य स्पर्धांतून कोणी किती पौंडांचे इनाम मिळवले, त्या बेरजेवर तिचा क्रम लागतो, आणि दोन वर्षे उलटली की जुनी रक्कम आपोआप वजा होते. मोठ्या संघटनेच्या, म्हणजे पीडीसीच्या, वर्षभराच्या दौऱ्यात खेळण्यासाठी ‘टूर कार्ड’ लागते. अशी कार्डे सुमारे १२८ असतात आणि ती दोन वर्षांसाठी मिळतात. मुदत संपताना पहिल्या चौसष्टांत नाव असेल तर कार्ड टिकते, नसेल तर जानेवारीत ‘क्यू स्कूल’ नावाच्या पात्रता फेरीत शेकडो नवख्यांबरोबर पुन्हा रांगेत उभे राहावे लागते. मधल्या काळात प्रवास, मुक्काम, खाणेपिणे हा सगळा खर्च खेळाडूचाच असतो. दौऱ्यातल्या बहुतेक स्पर्धा दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या त्या हजारोंच्या आरडाओरड्यात होत नाहीत. त्या एखाद्या साध्या सभागृहात, ओळीने मांडलेल्या फळ्यांपुढे, जवळजवळ प्रेक्षकांविना होतात, आणि त्यांत पहिल्या फेरीत हरणाऱ्याला वर्षानुवर्षे एक पैसाही मिळत नसे. पगार नाही, निवृत्तिवेतन नाही, दुखापतीची रजा नाही.

दुखापत सुद्धा अशी असू शकते की ती डॉक्टरला दाखवता येणार नाही. १९८० ते १९८६ या काळात पाच वेळा जगज्जेता झालेल्या एरिक ब्रिस्टोला ऐन उमेदीत ‘डार्टायटिस’ जडला. हात मागे जातो, पुढे येतो, पण बाण सुटायच्या क्षणी बोटे उघडतच नाहीत. खांद्याला, मनगटाला काहीही झालेले नसते आणि माणूस रेषेवर उभा राहून नुसताच हात हलवत राहतो. ब्रिस्टो नंतर खेळला, १९९० मध्ये पुन्हा अंतिम फेरीतही पोहोचला, पण जगज्जेतेपद त्याला परत मिळाले नाही.

१९९० च्या त्या अंतिम फेरीत ब्रिस्टोला हरवले ते फिल टेलरने, आणि टेलरला उभे करण्यासाठी पैसे घातले होते ते स्वतः ब्रिस्टोने. टेलर चिनी मातीच्या वस्तूंच्या कारखान्यात काम करत होता, आठवड्याच्या पगारावर घर चालवत होता. ब्रिस्टोने त्याला पूर्ण वेळ सरावासाठी काही हजार पौंड उसने दिले, ते परत घेण्याच्या बोलीवर आणि बऱ्यापैकी शिव्या घालत. आपल्याकडे वस्ताद पोराच्या खुराकाची सोय करतो, त्याच जातीचे हे नाते होते. पुढे टेलर सोळा वेळा जगज्जेता झाला. २०१८ च्या अंतिम फेरीत त्याच्या कारकिर्दीच्या शेवटच्या सामन्यात त्याला हरवणारा रॉब क्रॉस काही काळापूर्वीपर्यंत वायरमनचे काम करत होता आणि व्यावसायिक म्हणून ते त्याचे पहिलेच वर्ष होते. पाच वेळा जगज्जेता झालेला रेमंड व्हॅन बार्नेव्हेल्ड हा डच खेळाडू पोस्टमन होता. २०१९ च्या डिसेंबरात पीडीसीच्या जागतिक स्पर्धेत पुरुषाला हरवणारी पहिली महिला ठरलेली फॅलन शेरॉक केशकर्तनाचे काम करणारी होती.

ही नावे मी कौतुकासाठी दिलेली नाहीत. यांपैकी कोणालाही सोळाव्या वर्षी ‘खेळ की शिक्षण’ हा प्रश्न एकदाच आणि कायमचा सोडवावा लागला नव्हता, एवढेच मला दाखवायचे आहे. हे शक्य झाले ते खाली पसरलेल्या स्थानिक लीगमुळे, आणि तिचे एक रूप मी येथे दर आठवड्याला पाहतो. कामगारांचा जुना क्लब, भिंतीवर पावणेअठरा इंचांची फळी, तिच्या केंद्राची उंची ५ फूट ८ इंच, फेकायची रेषा ७ फूट सव्वानऊ इंचांवर. जागतिक स्पर्धेत असते तीच ही मापे. बाजूला गुण लिहिणारा एक निवृत्त रंगारी असतो. ५०१ पासून गुण वजा करत नेमके शून्यावर यायचे आणि शेवटचा बाण दुहेरीच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, अरुंद पट्टीतच लागला पाहिजे, असा नियम आहे. ९६ उरले की हा रंगारी खेळाडूच्या आधी मनात बोलून मोकळा झालेला असतो: तिहेरी वीस म्हणजे साठ गेले, छत्तीस उरले, दुहेरी अठरा. बाण चुकून एकेरी विसात गेला तर शहात्तर उरतात, मग पुन्हा तिहेरी वीस आणि दुहेरी आठ. बत्तीस उरावेत म्हणून सगळ्यांची धडपड असते, कारण दुहेरी सोळा हुकून एकेरी सोळा लागला तर दुहेरी आठ उरते, तेही हुकले तर दुहेरी चार, आणि असे दर चुकीला निम्मे होत जाते. या माणसाने शाळा लवकर सोडली होती. पाढ्यांचा असा सराव मी आमच्या गावच्या आडत दुकानातल्या मुनिमानंतर येथेच पाहिला.

आता घरच्या व्यवस्थेकडे पाहू, कारण तिची बाजू गटातल्या टीकाकारांना वाटते तितकी लंगडी नाही. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण जिंकला आणि शासनाने त्याला पोलीस उपअधीक्षक केले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी सैन्यात भरती झाला, तेथे स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळला आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्य घेऊन गेला. कोरडवाहू रानातल्या घराला नोकरी म्हणजे काय, हे ज्याने दुष्काळात छावणीला गुरे बांधली आहेत त्याला वेगळे सांगायला नको. पहिल्या चौसष्टांतून घसरलेल्या इंग्लिश खेळाडूच्या पाठीशी असा कोणताच आधार नसतो; तो मुकाट्याने आपल्या जुन्या कामावर परत जातो, आणि ते काम असले तरच. तेव्हा पाच टक्के आरक्षण रद्द करून सगळे बाजारावर सोडा, असे जे कोणी परदेशातून लिहितात, त्यांच्याशी मी सहमत नाही.

पण या व्यवस्थेने एक खोट लावून ठेवली आहे. आपल्याकडे खेळाचे फळ इनामात नसून प्रमाणपत्रात असते. प्रमाणपत्रावर सही लागते, सहीसाठी संघटना लागते, आणि संघटनेत कोण बसले आहे यावर पुढचे बरेच काही ठरते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे मराठवाड्यातही उघडकीला आली, पडताळण्या झाल्या, काही जणांच्या नेमणुका गेल्या. त्यावर उपाय म्हणून दर वेळी आणखी एक पडताळणी, आणखी एक सही वाढते. आणि नोकरी लागली की बहुतेकांचा खेळ संपतो, कारण ज्यासाठी खेळत होते ते पदरात पडलेले असते. पस्तिशीतला तलाठी किंवा शिक्षक गावच्या मैदानावर स्पर्धेत उतरलेला क्वचितच दिसतो. ऑर्डर ऑफ मेरिटवर मात्र कोणाचीच सही नसते. सामना सर्वांसमोर होतो, रक्कम जाहीर असते, बेरीज कोणीही करून पाहू शकतो. हा क्रम चुकीचा आहे असे म्हणायचे झाले तर बेरीज चुकली असे दाखवावे लागते. मला येथून घरी न्यावेसे वाटते ते एवढेच. दहा लाख पौंड नव्हेत.

आणि इनामावर चालणारा खेळ आपल्याला नवा आहे असेही नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो. गावोगावच्या जत्रांत रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत इनामे लागतात, वर्गणी गावच काढते, हलगीवर जोड लागते आणि निकाल हजारो डोळ्यांसमोर मातीत लागतो. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार रुस्तम-ए-हिंद झाले, ते याच परंपरेतून. घडण्यासाठी मात्र त्यांना कोल्हापूरची तालीम गाठावी लागली. एका हंगामात एक पैलवान किती फडांत लढला, कोणाशी लढला, किती इनाम घेतले, याची नोंद कोठेही एकत्र होत नाही. जत्रा समितीच्या वहीत जमाखर्चाच्या पानावर ती रक्कम असते आणि पुढच्या वर्षी वही बदलते.

या नोंदी एकत्र करून जिल्ह्याची एक चालती यादी लावायची म्हटले तर अडचणी ढीगभर आहेत, हे मी जाणतो. जत्रेत जोडी पंच लावतात, सोडत निघत नाही, त्यामुळे बलाढ्याला दुबळा प्रतिस्पर्धी देऊन इनाम वाढवणे सोपे आहे. नुरा कुस्ती कोणाला माहीत नाही? डार्ट्सही या रोगापासून मुक्त नाही. पैसे घेऊन सामने हरल्याबद्दल येथल्या नियामक मंडळाने खेळाडूंवर बंदी घातलेली आहे, आणि इनामाचा मोठा वाटा मुळात सट्टेबाजीच्या कंपन्यांच्या प्रायोजकत्वातून येतो. जागतिक स्पर्धेच्या नावाआधीच अशा कंपनीचे नाव लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा आमच्या गटातल्या ज्यांनी त्याचे स्वागत केले, त्यांतलेच काही जण जानेवारीत लिटलरच्या इनामावर हरखून गेले होते. बारा कोटी कोणाच्या खिशातून आले, हे विचारायला हवे होते. मर्यादित आकडे, वर्गणीतून काढलेले इनाम आणि वहीतली उघड नोंद एवढ्यावर भागत असेल, तर सट्ट्याच्या पैशांशिवायही यादी चालू शकते, असे मला क्लबातल्या त्या लीगकडे पाहून वाटते. तेथे हंगामाअखेर मिळणारा चषक हातभरही उंच नसतो.

डार्ट्स हा खेळ मराठवाड्यात रुजावा असा माझा मुळीच आग्रह नाही. चेन्नईच्या नितीन कुमार यांनी जागतिक स्पर्धेत भारताचे नाव पोहोचवले आणि तेथे सामना जिंकणारे पहिले भारतीय ते ठरले. फळी कोठेही टांगता येते, हे त्यांनी दाखवले. पण आपल्याकडे माती आहे, फड आहे, वर्गणी देणारे गाव आहे. येत्या हंगामात एखाद्या तालुक्यातल्या चार-पाच जत्रा समित्यांनी जोडी, निकाल आणि इनाम यांची नोंद एकाच वहीत केली, तिची प्रत पंचायत समितीच्या फलकावर लावली, आणि वयाची अट न घालता पस्तिशीतल्या माणसाचेही नाव त्यात घेतले, तर त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.