आमचे अण्णा आजही शेतकरीच आहेत

दुपारपासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

सकाळी अण्णांना घेऊन सिन्नरला गेले होते. पावसात लाल कांदा सडला, त्याच्या अनुदानाच्या यादीत नाव का नाही ते विचारायला. तिथल्या कार्यालयातल्या माणसाने कागद चाळले, आमच्या जमिनीच्या गटात सोलर प्रकल्प आहे म्हटल्यावर मान वर न करता म्हणाला, "काका, तुम्ही आता शेतकरी कुठं राहिले? तुम्हाला भाडं मिळतं ना." अण्णांनी सातबाऱ्याची घडी घातली, बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत ठेवली आणि बाहेर आले. परतीच्या वाटेवर पार मुसळगावपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आमचा गट चार एकरांचा. त्यातला अडीच एकर नुसता मुरूम. सिन्नरच्या पूर्व भागातल्यांना वेगळं सांगायला नको, तिथे बाजरीसुद्धा धड येत नाही. तो तुकडा अण्णांनी सौर प्रकल्पाला दिला. उरलेला दीड एकर विहिरीलगतचा, तिथे आजही कांदा आहे, आणि तो अण्णाच करतात.

का दिला ते सांगते. मी बारावीत होते. थंडीचे दिवस, लाईट रात्री एकला यायची. भाऊ गावाला गेलेला, म्हणून कांद्याचं दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला, अण्णांबरोबर मी बॅटरी घेऊन गेले. बांधाच्या पलीकडे दोन डोळे चमकले. बिबट्या. अण्णा हळूच म्हणाले, "हलू नको, बॅटरी खाली करू नको." फावडं घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. तो गेला, आणि अण्णा पुन्हा पाण्याकडे वळले, कारण लाईट चारला जाणार होती. सोलरवाले जागा बघायला आले तेव्हा अण्णांनी भाड्याच्या आधी हेच विचारलं, की आमच्या फीडरला, म्हणजे शिवाराच्या वीजवाहिनीला, दिवसा लाईट येईल ना?

ती आता येते. फक्त आमच्या मोटारीला नाही, आख्ख्या शिवाराला.

अण्णांनी ज्यात जमीन दिली त्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडं आहे, दरवर्षी ३ टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजार. हो, मुरमातून एवढं कधीच निघालं नसतं, मान्य. पॅनेलखालच्या तुकड्याला पीकविमा मागू नये, तेही मान्य. पीएम किसानमध्ये बिगरशेती वापरातली जमीन धरत नाहीत, नका धरू. पण दीड एकरातला कांदा कुणाचा? त्यावर पडलेला पाऊस सोलरवर पडला का? तर म्हणे मोजणीचे पैसे भरा, पोटहिस्सा पाडा, म्हणजे गटाचे कागदावर वेगळे तुकडे करा, मग बघू. सत्तरीच्या माणसाने आता मोजणीवाल्यांच्या मागे फिरायचं?

आणि मला सांगा, शेतीतल्या सौरऊर्जेसाठीच्या केंद्राच्या कुसुम योजनेत पॅनेल उंच खांबांवर उभारून खाली पीक घ्यायची मुभा सरकारनेच दिलीय. जोधपूरच्या काझरी या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने पॅनेलच्या ओळींमध्ये मूग-मटकी घेऊन दाखवलीय. एकाच रानात वीज आणि पीक दोन्ही निघतं हे वर सगळ्यांना पटतं, मग खाली टेबलावर येईपर्यंत त्याचं "शेती बंद" कसं होतं? सातबाऱ्यावरच्या पीक पाहणीच्या नोंदीत सोलरचं क्षेत्र वेगळं लिहा, पिकाचं वेगळं लिहा. एवढंच मागणं आहे.

शहरातले पैसेवाले जमिनी घेऊन सोलर लावतात आणि शेतकरी म्हणून मिरवतात, असेही आहेत. त्यांना खुशाल वगळा. पण फावडं घेऊन बिबट्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला "भाडं मिळतं ना" म्हणायचं नाही.

पैशाचं जाऊ द्या. आयुष्यभर ज्या एका शब्दावर तो माणूस ताठ उभा राहिला, तो शब्दच काढून घेतला आज. मुसळगावपर्यंत मी आरशातून त्यांच्याकडे बघत होते. मांडीवरची ती पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

सोमवारी परत जातेय, कांद्याचे फोटो आणि विक्रीच्या पट्ट्या घेऊन. अण्णांना येऊ नका म्हटलं. आत्ता त्यांचा फोन आला होता. सकाळचं काहीच काढलं नाही. विचारत होते, उन्हाळ कांद्याचं रोप तयार झालंय, शुक्रवारी लावणीला बाया मिळतील का बघ.