हिटलरचे ‘खरे’ आडनाव: व्हायरल मजकुरातील एकेक दावा तपासून

गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘हिटलरचे खरे आडनाव शिकलग्रुबर. राजकारणात ते हास्यास्पद वाटेल म्हणून त्याने हिटलर हे बनावट आडनाव घेतले. हिटलर हे मुळात ज्यू आडनाव आहे. हा पुरावा मिटवण्यासाठी त्याने आपल्या आजीचे गाव तोफांनी उडवून दिले. युद्धानंतर या आडनावावर कायद्याने बंदी आली आणि आज जगात ते लावणारा एकही माणूस उरलेला नाही.’

यातल्या प्रत्येक वाक्यात खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणूनच मजकूर पटतो. ते कण वेगळे काढू.

‘त्याने आडनाव बदलले’

बदल झाला हे खरे, पण तो केला अडोल्फच्या वडिलांनी, आणि तोही अडोल्फ जन्मण्याच्या तेरा वर्षे आधी. २० एप्रिल १८८९ रोजी ब्राउनाऊ येथे अडोल्फ जन्मला, तेव्हा घराचे आडनाव हिटलरच होते. शिकलग्रुबर हे आडनाव त्याने एक दिवसही लावले नाही. युद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकी प्रचारात त्याला ‘शिकलग्रुबर’ म्हणून चिडवले जाई, आणि त्यातूनही हा समज पसरला.

मूळ प्रकरण ऑस्ट्रियाच्या उत्तर भागातल्या वाल्डफिअर्टल या डोंगराळ, गरीब शेतीच्या पट्ट्यातले आहे. श्ट्रोनेस नावाच्या वाडीत मारिया आना शिकलग्रुबर या अविवाहित बाईला ७ जून १८३७ रोजी मुलगा झाला. हाच आलोइस, अडोल्फचा बाप. बाप्तिस्मा जवळच्या ड्योलर्सहाइम गावच्या चर्चमध्ये झाला. त्या काळी ऑस्ट्रियात जन्मनोंदणी सरकारी कचेरीत नव्हे, चर्चच्या वहीत होई. वहीला ठरलेले रकाने असत: मुलाचे नाव, धर्म, लिंग, औरस की अनौरस, वडील, आई, धर्मपालक. आलोइसच्या नोंदीत ‘अनौरस’ लिहिले गेले आणि वडिलांचा रकाना कोरा राहिला. अनौरस मुलाला कायद्याने आईचे आडनाव मिळे, म्हणून तो आलोइस शिकलग्रुबर झाला. यात लपवाछपवी काही नव्हती. त्या भागात अशा नोंदी पानोपानी सापडतात.

मे १८४२ मध्ये मारिया आनाने योहान गेऑर्ग हीडलर या फिरत्या गिरणी-कामगाराशी लग्न केले. १८११ च्या ऑस्ट्रियन नागरी संहितेनुसार आईवडिलांनी नंतर लग्न केले, तर आधी जन्मलेले मूल औरस ठरू शकत होते. मात्र त्यासाठी पितृत्व मान्य करून वहीत नोंद करावी लागे. योहान गेऑर्गने ती केली नाही. १८४७ मध्ये मारिया आना वारली, १८५७ मध्ये तोही वारला. मुलगा वाढला तो गेऑर्गचा धाकटा भाऊ योहान नेपोमुक याच्याकडे, श्पिटाल गावी. पुढे आलोइस सीमाशुल्क खात्यात लागला, बढत्या मिळवत गेला आणि चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत शिकलग्रुबरच राहिला.

जून १८७६ मध्ये वाइट्रा येथील नोटरीसमोर तीन साक्षीदारांनी जबाब दिला की, मृत योहान गेऑर्गने आपल्या हयातीत आलोइस आपलाच मुलगा असल्याचे मान्य केले होते. साक्षीदारांपैकी एक नेपोमुकचा जावई होता. तो कागद घेऊन ड्योलर्सहाइमला गेल्यावर तिथल्या धर्मगुरूने एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदीत फेरफार केला. ‘शिकलग्रुबर’ खोडले गेले, ‘अनौरस’च्या जागी ‘औरस’ आले आणि कोऱ्या रकान्यात वडील म्हणून ‘गेऑर्ग हिटलर’ असे लिहिले गेले. खाली साक्षीदारांच्या नावांजवळ फुल्या मारल्या आहेत. १८७७ च्या सुरुवातीला मिस्टेलबाखच्या जिल्हा कचेरीने हा बदल ग्राह्य धरला.

या कामातला कच्चा दुवा उघड आहे. पितृत्व बापाने स्वतः मान्य करायला हवे होते, आणि इथे बाप जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. ‘हा बदल संशयास्पद होता’ एवढे म्हणायचे असेल, तर त्याला आधार आहे. आलोइसचा जन्मदाता गेऑर्ग, नेपोमुक की तिसराच कोणी, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. पण जन्मदाता कोण आणि कायदेशीर आडनाव कोणते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर धूसर आहे म्हणून दुसऱ्याचे उत्तर धूसर होत नाही.

हा बदल कागदोपत्री किती खरा मानला गेला, ते आलोइसच्या तिसऱ्या लग्नात दिसते. क्लारा प्योल्ट्स्ल ही नेपोमुकची नात. आलोइस गेऑर्गचा मुलगा ठरल्याबरोबर तो क्लाराच्या आईचा सख्खा चुलतभाऊ ठरला, म्हणजे नात्याने क्लाराचा मामाच. चर्चच्या नियमात हे लग्न बसेना. अर्ज लिंट्झच्या बिशपकडे गेला, तिथून रोमला, आणि परवानगी आल्यावर जानेवारी १८८५ मध्ये लग्न लागले. शिकलग्रुबर या जुन्या नोंदीवर तो अर्ज करावाच लागला नसता.

आणखी एक नोंद. आलोइसचा थोरला मुलगा, धाकटा आलोइस, १८८२ मध्ये लग्नाआधी जन्मला आणि आईच्या आडनावाने माट्सेल्सबेर्गर म्हणून नोंदला गेला. पुढच्याच वर्षी आईवडिलांचे लग्न झाले आणि तो हिटलर झाला. एकाच घरात दोन पिढ्यांत दोनदा हेच घडले. ही त्या काळची नेहमीची वाट होती, राजकीय डावपेच नव्हे.

‘हिटलर हे बनावट नाव आहे’

कोणी बसून रचलेले हे नाव नाही. योहान गेऑर्ग आणि योहान नेपोमुक हे सख्खे भाऊ, तरी कागदपत्रांत एकाचे आडनाव हीडलर आणि दुसऱ्याचे ह्युटलर असे आढळते. धर्मगुरू ऐकू येईल तसे लिहीत. ऑस्ट्रिया-बव्हेरियाच्या बोलीत ‘ह्यु’मधला गोल स्वर सपाट होऊन ‘हि’ होतो, आणि शब्दाच्या मध्ये ‘ट’ आणि ‘ड’ यांतला फरक कानाला जवळजवळ कळत नाही. ह्युटलर, हिटलर, हिडलर हे तिन्ही उच्चार त्या बोलीत एकमेकांना खेटून बसतात. आडनावाचे स्पेलिंग एकदा ठरले की तेच कायम, ही शिस्त तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू रुजली. १८७६ मध्ये वहीत जे रूप उतरले, तेच या शाखेपुरते कायम झाले.

व्युत्पत्तीची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, ‘ह्युटं’ म्हणजे झोपडी किंवा छोटे घर. त्यात राहणारा, थोडकी जमीन कसणारा तो ह्युटलर. दुसरे, बोलीतला ‘हीडल’ हा शब्द, म्हणजे जमिनीखालून वाहणारा झरा. त्याच्या काठचा तो हीडलर. दोन्ही अर्थ त्या मुलखाला शोभणारे, शेतकरी आडनावाचेच आहेत. शिकलग्रुबरमधला ‘ग्रुबर’सुद्धा खळग्याजवळ, खोलगट जागी राहणारा. दोन्ही आडनावे एकाच मातीतली असताना एक खरे आणि दुसरे खोटे ठरवायला काही कारण नाही.

‘हे ज्यू आडनाव आहे’

या दाव्याबद्दल सर्वांत कठोरपणे बोलायला हवे, कारण साठ लाख ज्यूंच्या हत्येचे खापर फिरवून ज्यूंच्याच दारात फोडण्यासाठी तो वापरला जातो.

दाव्यातला खरा कण असा: पूर्व युरोपात हिटलर किंवा त्यासारखे आडनाव असलेली काही ज्यू कुटुंबे होती. ऑक्टोबर १९३३ मध्ये लंडनच्या ‘डेली मिरर’ने बुखारेस्टच्या ज्यू दफनभूमीतल्या अडोल्फ हिटलर नावाच्या माणसाच्या थडग्याचे छायाचित्र छापले होते. थडगे खरे होते. पण त्याखालचा माणूस वयाने आलोइसच्याच पिढीतला, म्हणजे तो अडोल्फचा आजोबा असूच शकत नव्हता.

मग आडनाव सारखे कसे? १७८७ मध्ये सम्राट योसेफ दुसरा याने हाब्सबुर्ग राज्यातल्या ज्यूंना कायमचे जर्मन आडनाव घेण्याची सक्ती केली. तोवर त्यांच्यात बहुधा बापाचेच नाव पुढे लावायची रीत होती. सक्तीनंतर धंदा, गाव, घर, झाडे, रंग अशा नेहमीच्या जर्मन शब्दांतून आडनावे तयार झाली, आणि त्यांतली कित्येक शेजारच्या ख्रिस्ती आडनावांशी तंतोतंत जुळली. दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घडलेले एकच आडनाव नात्याचा पुरावा होत नाही. मराठी वाचकाला हे पटायला लांब जायला नको. कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांची आडनावे किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी आहेत. किहीमकर हे आडनाव ऐकून माणूस किहीमचा एवढेच कळते, धर्म कळत नाही.

दुसरा आधार म्हणून हान्स फ्रांक पुढे केला जातो. पोलंडचा हा नाझी गव्हर्नर १९४६ मध्ये न्युर्नबर्ग येथे फाशी गेला. कोठडीत लिहिलेल्या आठवणींत त्याने म्हटले की, मारिया आना ग्रात्स शहरात फ्रांकेनबेर्गर नावाच्या ज्यू कुटुंबाकडे स्वयंपाकीण होती आणि आलोइस त्या घरातल्या मुलापासून झाला. त्या आठवणी १९५३ मध्ये छापून आल्या. मारिया आना कधी ग्रात्समध्ये राहिल्याची नोंद मिळालेली नाही. ग्रात्स ज्या प्रांतात येते त्या श्टायरमार्कमधून ज्यूंना पंधराव्या शतकाच्या अखेरीस हाकलले होते आणि त्यांना तिथे कायम राहण्याची मुभा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नव्हती. काही ज्यू बंदी असतानाही तिथे असतील, असा युक्तिवाद अलीकडे झाला आहे. तो मान्य केला तरी मारिया आनाला त्या शहरात नेऊन ठेवणारा कागद त्यातून निर्माण होत नाही. आणि ही कथा खरी मानली, तरी ‘हिटलर’ या आडनावाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही: ते आडनाव हीडलर-ह्युटलर घरातून आले, फ्रांकेनबेर्गरकडून नव्हे.

‘पुरावा मिटवायला गाव उडवले’

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर जर्मन सैन्याने ड्योलर्सहाइम परिसरात प्रचंड सराव-मैदान आखले. चाळीसहून अधिक वस्त्या उठवल्या आणि सुमारे ७,००० माणसे हलवली. श्ट्रोनेस त्यातच गेले. विरळ लोकवस्ती आणि हलकी जमीन असलेला हा पट्टा सैन्याच्या सोयीचा होता. ऑस्ट्रियाचे सैन्य आजही आलेंटश्टाइगच्या नावाने तेच मैदान वापरते. कागद मिटवायचा असता तर एक वही जाळणे पुरेसे होते. ती वही तर शाबूत आहे.

‘आडनावावर बंदी आली, आता कोणी उरले नाही’

हिटलर या आडनावावर बंदी घालणारा कायदा जर्मनीत झाला नाही. तिथे आडनाव बदलायचे तर ‘महत्त्वाचे कारण’ दाखवून अर्ज करावा लागतो, आणि असह्य ओझे होणारे आडनाव हे असे कारण धरले जाते. ज्या कायद्याने हे होते, तो ५ जानेवारी १९३८ चा, म्हणजे नाझी राजवटीचाच आहे. त्याच कायद्यात १९३३ पूर्वीचे नावबदल रद्द करायची तरतूद होती आणि ती ज्यूंविरुद्ध वापरली गेली. त्याच्याच आधारे ऑगस्ट १९३८ मध्ये ज्यूंवर ‘इस्रायल’ आणि ‘सारा’ ही जादा नावे लादली. ती कलमे युद्धानंतर गेली, कायद्याचा गाभा राहिला.

या घराण्यातून आडनाव कसे संपले ते पाहिले, की बंदीची गरज का पडली नाही ते कळते. आडनाव मुलग्यांकडून पुढे जात होते. आलोइसच्या मुलग्यांपैकी गुस्टाफ, ओटो आणि एडमुंड लहानपणीच गेले. अडोल्फला मूल नव्हते. धाकट्या आलोइसने युद्धानंतर हिलर हे आडनाव घेतले. त्याचा एक मुलगा हाइन्झ १९४२ मध्ये सोव्हिएत कैदेत मेला, तर लिव्हरपूलला जन्मलेला दुसरा मुलगा विल्यम पॅट्रिक अमेरिकी नौदलात नोकरी करून पुढे स्टुअर्ट-ह्यूस्टन झाला. अडोल्फची बहीण पाउला ‘वोल्फ’ म्हणून जगली आणि १९६० मध्ये वारली.

घराण्याबाहेर हे आडनाव आधीच विरळ होते, कारण ते एका प्रादेशिक आडनावाचे कमी चालणारे रूप. आज ते किती जण लावतात याचे जे आकडे नेटवर फिरतात, त्यांच्यावर विसंबू नये. जर्मन आडनावांचे नकाशे मुख्यतः लँडलाइनच्या याद्यांवरून होतात. ज्याला आडनावाचा त्रास होतो तो यादीत नाव देत नाही, म्हणून आकडा खाली येतो. उलट जगभरच्या नावांच्या कोशांत पहिले नाव आणि आडनाव यांची सरमिसळ होते. मेघालयातल्या अडोल्फ लू हिटलर मराक या राजकारण्याच्या नावात हिटलर हे आडनाव नाही, मराक हे आहे. पण यंत्राने केलेली यादी त्यालाही हिटलरांत मोजू शकते, आणि आकडा फुगतो.

स्वतः पडताळायचे असेल, तर सांक्ट प्योल्टन धर्मप्रांताच्या जुन्या वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. आधी माणसाचे जन्मगाव नव्हे, त्या गावचे चर्च शोधा: श्ट्रोनेसची नोंद ड्योलर्सहाइमच्या वहीत आहे. मग वर्ष आणि रकाने. हस्ताक्षर कुरेंट या जुन्या जर्मन वळणाचे असते. त्यात ‘ई’ आणि ‘एन’ ही अक्षरे सारखी दिसतात, ‘यू’वर छोटी वळणदार रेघ असते, आणि याच जागी नवखे वाचक आडनाव चुकीचे उतरवतात. शोधताना हिटलर, हीडलर, ह्युटलर आणि हिडलर ही सगळी रूपे घ्या. आणि नोंदीतली मूळ शाई वाचून थांबू नका. खाडाखोड आणि समासातला मजकूर वाचल्याशिवाय नोंद वाचून झाली असे समजू नका.