अधिक-उणे अडीचशे

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधील चौदा क्रमांकाची जागा माझ्या नावावर आहे. त्या जागेत गाडीचे राखाडी कव्हर अंगभर पांघरून काहीतरी उभे असते आणि त्याला चार चाके असावीत, हा समज इमारतीत नऊ वर्षे सुखाने नांदला. प्रत्यक्षात त्या कव्हरखाली माझे कामाचे टेबल, रंधे, पटाश्या, वीसेक क्लॅम्प, सरस वितळवायचे भांडे आणि फळ्या वाकवण्यासाठी तापवायची लोखंडी नळी असा संसार आहे. मी हौसेने गिटारी बनवतो. नऊ वर्षांत सात झाल्या, त्यांपैकी पाच वाजतात. ‘तुमची गाडी कधी हललेली दिसत नाही,’ असे सेक्रेटरी एकदा म्हणाले, तेव्हा ‘पेट्रोल फार महाग झाले आहे,’ एवढेच उत्तर मी दिले होते आणि ते त्यांना पटलेही होते.

गाडी नसल्याचे दुःख मला एरवी नाही. ते होते ते लाकूड आणताना. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून शिसवीची फळी स्कूटरवरून आणायची म्हणजे मागे बसलेल्या बायकोने ती उभी धरायची आणि प्रत्येक सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याची क्षमा मागायची. एकदा मिरजेहून तुणीच्या लाकडाचा ओंडका आणला होता. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मला मिळाले ते कोयना एक्स्प्रेसच्या टीसीचे दोन वाक्यांचे मानांकन, आणि ते येथे लिहिण्यासारखे नाही. त्या रात्री बायको म्हणाली, ‘अहो, एक गाडी घ्या ना.’ तिच्या या वाक्यात ओंडक्याच्या सोयीपलीकडचा काही हेतू असेल, ही शंका तेव्हा मला शिवलीही नाही.

अशा मनःस्थितीत, दिवाळीच्या आधी, शहरातल्या एका मॉलमध्ये मी ती गाडी पाहिली. लाल रंगाची, पाच दारांची, सात लाखांची. चारही बाजूंनी दोर लावून उभी केलेली, आणि छतापर्यंत रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या चेंडूंनी गच्च भरलेली. लहान मुले ज्या चेंडूंच्या हौदात लोळतात, तेच हे चेंडू. ‘गाडीत किती चेंडू आहेत ते ओळखा आणि गाडी घरी न्या,’ असे पाटीवर लिहिले होते. तीन हजारांच्या खरेदीवर एक कूपन, आणि जवळात जवळचा आकडा लिहील त्याला गाडी.

माझ्या शेजारी उभे असलेले लोक डोळे बारीक करून ‘पाच हजार असतील,’ ‘छे, लाखभर तरी,’ असे अंदाज फेकत होते. मला त्यांची कीव आली. मी चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी करतो. दिवसभर सुटे भाग मोजतो आणि संध्याकाळी गिटारी मोजतो. ६५० मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा कुठे बसवायचा, तर ६५० ला १७.८१७ ने भागायचे आणि वरच्या टोकापासून ३६.४८ मिलिमीटरवर करवत लावायची. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा घोटाळा झाला तर ती गिटार आयुष्यभर बेसूर बोलते. ज्याने आपली हौस अशा भागाकारांवर पोसली आहे, त्याच्यापुढे कोणी चेंडू मोजण्याची स्पर्धा ठेवावी, हे मला जवळजवळ दैवी वाटले. आम्ही तेथेच खरेदी केली. दोन चादरी आणि एक कुकर घेऊनही १७८ रुपये कमी पडत होते, म्हणून डास मारायची बॅट घेतली.

पहिला प्रश्न चेंडूच्या व्यासाचा होता. दोरापलीकडे हात घालायला परवानगी नव्हती. परंतु तिसऱ्या मजल्यावर मुलांच्या खेळण्याच्या जागेत अगदी तसेच चेंडू होते. दुसऱ्या दिवशी मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन तेथे गेलो. ‘मूल कुठे आहे?’ असे तिकिटाच्या मुलीने विचारले, तेव्हा ‘येईलच,’ असे मी म्हणालो, आणि बूट काढून हौदात उतरलो. बावन्न वर्षांचा माणूस कमरेइतक्या चेंडूंत बसून एकेक चेंडू कॅलिपरमध्ये धरतो आहे, आकडा पुटपुटत वहीत लिहितो आहे, हे दृश्य आजूबाजूच्या पालकांना रुचले नाही. दहा चेंडू मोजून होताहेत तोच सुरक्षारक्षक आला. त्याने माझ्याकडे, मग कॅलिपरच्या अणकुचीदार टोकांकडे पाहिले आणि अत्यंत सभ्यपणे विचारले, ‘काका, बाहेर येता का?’ बाहेर येता येता मी आणखी दोन मोजले. सरासरी व्यास ६९.८ मिलिमीटर निघाला; म्हणजे एका चेंडूचे आकारमान १७८ घनसेंटिमीटर.

दुसरा प्रश्न गाडीच्या पोटाचा. आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे नेमके तेच मॉडेल आहे. रविवारी सकाळी मी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली आणि टेप, ओळंबा व पुठ्ठे घेऊन आत शिरलो. गिटारीच्या पोटाचे क्षेत्रफळ काढताना मी तिच्या वळणदार आकृतीच्या बारीक पट्ट्या पाडतो आणि एकेका पट्टीची बेरीज करतो. तीच रीत येथे लावली. डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत बावीस काप पाडले, आसने वजा केली आणि दोन तासांनी घामाघूम होऊन बाहेर आलो, तेव्हा काका सगळ्या कुटुंबासह खाली उभे होते. ‘मला गाडी विकायची नाहीये,’ ते एकेक शब्द सुटा करीत म्हणाले. मी म्हणालो, ‘मलाही घ्यायची नाहीये, काका. फुकट मिळणार आहे.’ त्यानंतर काका मला पार्किंगमध्ये पाहिले की दारे कुलूपबंद आहेत ना, हे एकदा बघून घेतात. आकडा मात्र मिळाला: २,३६० लिटर.

आता खरी मेख होती. गोल वस्तू कितीही दाबून भरल्या तरी मध्ये पोकळी राहतेच. फळवाला संत्र्यांचा ढीग रचतो तसे शिस्तीत रचले, तर जागेचा ७४ टक्के भाग भरतो आणि त्याहून दाट रचणे शक्यच नाही, असे खगोलशास्त्रज्ञ केपलरने १६११ मध्ये म्हणून ठेवले होते. ते सिद्ध करायला गणितज्ञांना १९९८ साल उजाडले. पण मॉलमधल्या मुलांनी चेंडू रचले नव्हते, पोत्यांनी ओतले होते. ओतलेल्या चेंडूंनी जागा ६० टक्क्यांपासून फार तर ६४ टक्क्यांपर्यंत भरते. या चार टक्क्यांत पाचशेहून अधिक चेंडू येतात. पाचशे चेंडूंसाठी मी गाडी सोडणार नव्हतो. प्रयोग करणे भाग होते.

प्रयोगासाठी गाडीसारखेच वळणावळणाचे, आत अडथळे असलेले आणि नेमके आकारमान ठाऊक असलेले भांडे हवे होते. असे भांडे घरात एकच होते: माझी आठवी गिटार. शिसवीच्या बाजू, शिसवीची पाठ, स्प्रूसचे अडीच मिलिमीटर जाडीचे तोंड, चपड्याच्या पॉलिशचा शेवटचा हात नुकताच दिलेला; तारा तेवढ्या चढवायच्या राहिल्या होत्या. तिचे पोट साडेतेरा लिटरचे. चेंडूंच्या जागी मी काबुली हरभरे घ्यायचे ठरवले. ‘स्टीलचा डबा का नाही घेत?’ बायकोने विचारले. डब्याला कंबर नसते, असे मी तिला समजावून सांगितले. ती काही बोलली नाही. लग्नाला सव्वीस वर्षे झाल्यावर न बोलण्याचेही प्रकार ओळखता येतात, आणि हा त्यांतला बरा प्रकार नव्हता.

साडेतेरा लिटर गिटारीत हरभरे किती मावतात, याची आधी कल्पना येत नाही. मी दोन किलो आणले, ते तळाशी दिसेनासे झाले. पुन्हा तीन आणले. वाण्याने तिसऱ्या खेपेला ‘घरी काही कार्य आहे का?’ असे विचारले. एकूण साडेदहा किलो गेले. गिटार उभी धरून, नरसाळ्याने, तिच्या साडेआठ सेंटिमीटरच्या गोल भोकातून हरभरे ओतत असताना आतून पावसासारखा जो आवाज येत होता, तो तिने नंतर तारांवर काढलेल्या कोणत्याही आवाजापेक्षा गोड होता, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मग शंभर हरभरे पाण्यात बुडवून त्यांचे आकारमान काढले, भागाकार केला आणि उत्तर आले: ०.६०. पुस्तकात होते तेच. साडेदहा किलो हरभऱ्यांनी मला पुस्तक खरे असल्याचे सांगितले.

हरभरे काढताना मात्र पुस्तकाची मदत झाली नाही. गिटारीच्या आत, पाठीला आणि तोंडाला, आधाराच्या लाकडी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि गिटार उलटी केली की प्रत्येक पट्टीमागे हरभऱ्यांची एक रांग सुरक्षित थांबते. ती मी डोक्यावर धरून हलवली, मांडीवर घेऊन आडवी झुलवली, दोन्ही हातांनी धरून तिच्याबरोबर दिवाणखान्यात गोल फिरलो. खालच्या मजल्यावरच्यांनी वर येऊन सगळे ठीक आहे ना, असे विचारले. शेवटचा खडखडाट थांबला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पुढचे पाच आठवडे आमच्याकडे छोले, हरभऱ्याची उसळ आणि पुन्हा छोले या क्रमाने जेवण होते.

आकडा आला ७,९५२. मी कूपन काढले, चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले: ७,९५२ ± २५०.

येथे वाचक कपाळावर हात मारतील, हे मला ठाऊक आहे. बायकोने मारलाच होता, परंतु तो कूपन पेटीत पडल्यानंतर. माझे म्हणणे एवढेच आहे की अठ्ठावीस वर्षे मी ज्या खात्यात काम करतो, तेथे अधिक-उणे न लिहिलेला आकडा कोणी टेबलावर ठेवूही देत नाही. मोजणाऱ्याने आपली चूक किती असू शकते हे आधीच सांगून टाकणे, ही आमच्याकडे सभ्यता समजतात. मॉलमध्ये ती तशी समजत नसतील, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

निकालाला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी कूपनाची आपल्याकडे राहिलेली फाडी, मागच्या बाजूची बारीक अक्षरे भिंगाखाली धरून, वाचली. बक्षिसावरील कर विजेत्याने भरायचा होता. स्पर्धेच्या बक्षिसावर तीस टक्के आयकर लागतो आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर कर भरल्याखेरीज ती वस्तू हाती देता येत नाही. म्हणजे सात लाखांची फुकट गाडी घरी आणण्यासाठी मला आधी दोन लाख दहा हजार रुपये मोजावे लागणार होते. नोंदणी, विमा आणि कराच्या वरचा सेस वेगळा. मी हे बायकोला सांगितले, तेव्हा ती क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली, ‘माझी एफडी मोडू.’

एवढ्या तत्परतेने ती तांदूळही विकत घेत नाही. मी चमकून पाहिले. ‘आणि गाडी लावायची कुठे?’ असे मी विचारले. ‘चौदा नंबरला,’ ती म्हणाली. ‘आपली जागा आहे ना ती?’ आणि ती शांतपणे छोल्यांसाठी कांदा चिरू लागली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जिथे गाडी येणार, तिथून टेबल जाणार. रंधे, पटाश्या, क्लॅम्प, सरसाचे भांडे आणि तापलेली नळी, सगळे भंगारात किंवा माळ्यावर. ती हौदात उतरायला मला का अडवत नव्हती, साडेदहा किलो हरभऱ्यांवर तिने फक्त एकच प्रश्न का विचारला होता, याचा उलगडा झाला. ज्या गाडीतून मी लाकूड आणणार होतो, ती गाडी आली की त्या लाकडाचे काही करायला जागाच उरणार नव्हती. उरलेले चार दिवस मी देवाला दोन्ही बाजूंनी साकडे घालत होतो: आकडा बरोबर यावा, पण गाडी मिळू नये.

देवाने ते अक्षरशः ऐकले. निकालाच्या संध्याकाळी निवेदकाने खरा आकडा जाहीर केला: ७,९७१. माझ्या छातीत ठोका चुकला. मी फक्त एकोणीस चेंडूंनी हुकलो होतो. मग त्याने विजेती म्हणून एका महाविद्यालयीन मुलीचे नाव पुकारले. तिचा आकडा होता ८,०१२, म्हणजे एक्केचाळीसने चुकलेला. कसा काढला असे विचारल्यावर तिने, ‘मोबाईल नंबरचे शेवटचे चार आकडे,’ असे लाजत सांगितले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी मंचामागे जाऊन चौकशी केली. तेथील गृहस्थांनी पेटीतून माझे कूपन शोधून काढले. त्यावर लाल शाईने तिरकी रेघ ओढून ‘बाद’ असे लिहिले होते. ‘तुम्ही पाचशे आकडे लिहिलेत, साहेब,’ ते म्हणाले. ‘पाचशे एक,’ मी दुरुस्ती केली; सवय जात नाही. बायको घरी येईपर्यंत बोलली नाही, आणि हा न बोलण्याचा अगदीच नवा प्रकार होता.

एक गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. निकालानंतर गाडी रिकामी करायला सुरुवात झाली, तेव्हा मी रेंगाळून आत डोकावलो. मागच्या आसनाची पाठ पाडून ठेवली होती, त्यामुळे जागा माझ्या हिशेबापेक्षा बरीच जास्त होती. आणि चेंडू वाचावेत म्हणून पायांपाशी दोन भलीमोठी पुठ्ठ्याची खोकी कोंबली होती, त्यामुळे ती तितकीच कमी झाली होती. माझ्या दोन चुकांनी एकमेकींना खाऊन टाकले होते. मुलीच्या मोबाईलच्या आकड्यांत आणि माझ्या बावीस कापांत पुष्कळ फरक होता, असे म्हणण्याची माझी फारशी हिंमत राहिली नाही.

डिसेंबरात आठव्या गिटारीला तारा चढवल्या. तिसरी तार छेडली की आतून बारीक कुरकुर ऐकू येई. मी तीन रात्री पडदे घासले, फिलर गेज लावून तारांची उंची पुन्हा पुन्हा मोजली, खालचा हाडाचा घोडा काढून नवा बसवला; कुरकुर तशीच. चौथ्या रात्री, कव्हरखाली बॅटरी तोंडात धरून आणि दंतवैद्याचा आरसा आत घालून पाहिले, तेव्हा पाठीच्या तिसऱ्या पट्टीला टेकून बसलेला एक हरभरा दिसला. चिमट्याने तो बाहेर काढायला चाळीस मिनिटे लागली. सवयीने मी तो कॅलिपरमध्ये धरला आणि वहीत नोंद केली: ८.७ मिलिमीटर. पुढे अधिक-उणे काही लिहिले नाही.