सिरॉसिसमध्ये ‘पॅरासिटामॉल सोडा, ब्रुफेन घ्या’ हा सल्ला जिवावर बेतेल

‘लिव्हर सिरॉसिस असेल तर पॅरासिटामॉल विष आहे, दुखलं तर ब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्या. गुळवेलीचा काढा लिव्हर साफ करतो. लॅक्टुलोजने जुलाब होतात, ते बंद करा.’ हा मेसेज सिरॉसिसमुळे (लिव्हर कायमचं कडक आणि निकामी होत जाणं) पोटात पाणी झालेल्या माझ्या मामांपर्यंत पोचला आहे, त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

पॅरासिटामॉलचा अतिरेक झाला तर लिव्हर निकामी होऊ शकतं, एवढं खरं. पण मात्रा सांभाळली तर सिरॉसिसमध्ये ताप-दुखण्यावर पहिली निवड तीच गोळी. मर्यादा दिवसाला २ ग्रॅम: ५०० मिलिग्रॅमच्या चार किंवा ६५०च्या तीन, दोन गोळ्यांत किमान सहा तास. दारू चालू असेल, खाणं तुटलं असेल किंवा वजन फार घटलं असेल तर आणखी कमी, तेही डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या गोळ्यांतलं पॅरासिटामॉलही याच हिशोबात धरायचं.

आता ब्रुफेन. सिरॉसिस वाढला की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि किडनीला पुरेसं रक्त मिळतं ते प्रोस्टाग्लँडिनच्या (किडनीच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवणारं शरीरातलंच रसायन) आधारावर. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक नेमका तोच आधार काढून घेतात. लघवी कमी होते, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं, लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्स-अल्डॅक्टोन गोळ्या लागू पडेनाशा होतात, पोट पुन्हा भरतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होण्याचा धोकाही वाढतो. इंजेक्शन घेतलं म्हणून यातलं काही टळत नाही. युरोपातल्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनेच्या (ईएएसएल) २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे: पोटात पाणी असेल तर ही औषधं द्यायची नाहीत. मेडिकलवाला सहज देतो त्या कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन, म्हणजे ब्रुफेनच, असतं. नावावर जाऊ नका, पाकिटामागचे घटक वाचा.

गुळवेलीबद्दल एवढंच: ती घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली आहे. आधीच खचलेल्या लिव्हरवर हा प्रयोग कशाला?

लॅक्टुलोज हे मेंदूवर परिणाम करणारा अमोनिया शौचावाटे बाहेर काढणारं औषध. त्याची मात्रा दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला होईल इतकी ठेवायची असते. पाण्यासारखे जुलाब झाले तर डॉक्टरांना सांगून ती कमी करा, कारण अंगातलं पाणी घटलं आणि सोडियमचं प्रमाण बिघडलं की भ्रम आणखी वाढतो. औषध परस्पर बंद केलं तर अमोनिया साठतो: माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, असंबद्ध बोलतो, हात थरथरतात. अशा वेळी झोपेसाठी अल्प्राझोलम दिलं तर तो बेशुद्धीत जाऊ शकतो. घरातली जुनी गोळी देऊ नका, त्याला थेट दवाखान्यात न्या.