प्युरिफायर पुरेसा होता का? एका अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की व्हेंटिलेशन मशीन (बाहेरची ताजी हवा आत आणून वापरलेली हवा बाहेर टाकणारं) बसवूनही सकाळी बेडरूम कोंदटच असते, मशीनचा आवाज येतो, आणि त्यापेक्षा एअर प्युरिफायर घेतला असता तर कमी खर्चात भागलं असतं. हा प्रश्न अनेकांना पडतो, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

प्युरिफायर आम्हीही विकतो. चांगला हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे कण 99.97 टक्के अडवतो. धूळ, धूर, परागकण यांचा त्रास असेल तर तोच घ्यावा. पण तो खोलीतलीच हवा गाळून परत सोडतो. घरातला साधा स्प्लिट एसीही तीच हवा गार करत राहतो. दार-खिडक्या लावून दोघं रात्रभर झोपले की कार्बन डायऑक्साइड, ओलावा, वास सगळं आतच साचतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो, बंद बेडरूममध्ये पहाटेपर्यंत तो 2000 च्या पुढेही जाऊ शकतो. हेपा फिल्टर हा वायू अडवू शकत नाही. तुम्ही आमच्याकडे आलात ते धुळीसाठी नाही, सकाळी डोकं जड होतं म्हणून. खिडकी उघडी ठेवून झोपता येत असतं, तर मी मशीनही घेऊ नका म्हटलं असतं. तुमच्याकडे रस्त्याच्या गोंगाटामुळे ते शक्य नव्हतं.

मग मशीन असूनही कोंदट का? सर्व्हिसला आलेल्या आमच्या माणसाला बेडरूमच्या दाराखाली रबरी पट्टी लावलेली दिसली. एसीचा गारवा टिकावा म्हणून ती लावली असणार. पण तुमच्या घरात ताजी हवा बेडरूममध्ये सोडली जाते आणि वापरलेली हवा पॅसेजमधून ओढली जाते. मधली वाट म्हणजे दाराखालची फट. ती बुजली की जुनी हवा निघत नाही आणि नवीला शिरायला जागा उरत नाही. बेडरूममध्ये ताजी हवा येते त्या जाळीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा: दार उघडं असताना ती फडफडेल, दार लावल्यावर मंदावेल.

गारव्याची काळजी नको. तुमचं मशीन ईआरव्ही (एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर) प्रकारचं आहे. बाहेर जाणारी गार हवा आत येणाऱ्या हवेतली उष्णता आणि ओलावा बऱ्यापैकी काढून घेते, दोन्ही हवा एकमेकींत न मिसळता.

आवाजाचं म्हणाल तर मशीन सतत सर्वांत वरच्या स्पीडवर चालतंय. कोंदट वाटतं म्हणून स्पीड वाढवला, हे समजू शकतो. वाट मोकळी झाली की रात्री खालचा स्पीड पुरतो. बाहेरच्या बाजूचा फिल्टरही तेवढा बघून घ्या. तो चोंदला की हवा कमी आणि आवाज जास्त होतो.

माझी विनंती एवढीच: आमचा कार्बन डायऑक्साइड मीटर तुमच्याकडे दोन रात्री ठेवू, एक रात्र दाराखालच्या पट्टीसह, एक रात्र पट्टीविना. पट्टी काढूनही आकडा उतरला नाही, तर डक्ट (हवा वाहून नेणारी नळी) उघडून तपासायचं काम आमचं, त्याचे पैसे घेणार नाही. दोन्ही आकडे तुम्ही इथेच लिहा.